चौदा माणसांचं वजन

मला गाडी चालवता येत नाही. तेव्हाही येत नव्हती आणि पुढं शिकावंसं कधी वाटलं नाही. पण एका जीपचे पाटे कसे असावेत हे एकदा मी ठरवलं होतं, आणि तेही अशा ठसक्यात, की शेजारी ट्रकखाली झोपून ठोकाठोकी करणारा माणूस हातोडी खाली ठेवून ऐकत राहिला. माझा स्वभाव तेव्हा असाच होता. आता निवळलाय म्हणतात, पण म्हणणारे सगळे घाबरून म्हणतात.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. भिवंडीत नारपोलीच्या बाजूला काही व्यापाऱ्यांनी मिळून डोळ्यांचा धर्मादाय दवाखाना काढला होता. वर दहा खाटा, खाली तपासणी, आणि दोन्ही बाजूंना कापडाच्या लूमची खडखड. पेशंटला नुसतं 'वर बघा' सांगायचं तरी ओरडावं लागायचं, त्यामुळं माझा आवाज कायमचा वरच्या पट्टीत गेला तो गेलाच. डॉक्टर एक, नर्स दोन, गाडीवर एक ड्रायव्हर, आणि चष्म्याचे नंबर काढायला मी. वय सव्वीस. वडील नगरपालिकेत कारकून. मुलीनं शाळेत मास्तरीण व्हावं असं त्यांना वाटायचं. मी म्हटलं, मुलांच्या मागं ओरडण्यापेक्षा म्हाताऱ्यांच्या मागं ओरडेन, ते निदान उलटून बोलत नाहीत. हेही पुढं खोटं ठरलं.

मोतीबिंदू थंडीतच काढायचा, ही तेव्हाची पक्की समजूत. उन्हात जखम पिकते, पावसात चिघळते, असं लोक मानत. डॉक्टर कानीकपाळी ओरडून थकले, तरी दिवाळीआधी कुणी खाटेवर झोपायला तयार होत नसे. त्यामुळं आमचा सगळा धंदा दिवाळी ते होळी. जीप घेऊन गावात जायचं, डोळे तपासायचे, पिकलेले मोतीबिंदू निवडून माणसं भिवंडीला आणायची, ऑपरेशन करून आठवडाभर ठेवायची आणि पुन्हा घरी पोचवायची. आजच्यासारखं सकाळी ऑपरेशन आणि दुपारी टीव्ही, असं नव्हतं. बुबुळाच्या कडेनं अर्ध्या वर्तुळाएवढी चीर जायची, तिला बारीक टाके. पेशंट जोरात खोकला, वाकला, त्याला धक्का बसला, तर टाका सुटून डोळा जायची भीती. दीड महिना जपायचं, मग जाड भिंगांचा चष्मा मिळायचा आणि तेव्हा कुठं कळायचं, दिसतंय की नाही.

आमची जीप लांब चेसिसची, जुनी, एका व्यापाऱ्यानं दान दिलेली. माणसं काय दान देतात हे ती गाडी बघून समजायचं. मागं दोन बाजूंना दोन बाकं, मध्ये मोकळी जागा. तिचे पाटे पार बसले होते. पाटे म्हणजे धुऱ्यावर बांधलेली पोलादी पट्ट्यांची चळत. सगळ्यात लांब पट्टी वर, तिच्याखाली आखूड, तिच्याखाली आणखी आखूड. त्यांना बाक असतो, म्हणून गाडी वर राहते आणि धक्के झेलते. आमच्या गाडीच्या पट्ट्यांचा बाक जाऊन त्या फुटपट्टीसारख्या सरळ झाल्या होत्या. त्यामुळं गाडीचं पोट जमिनीला टेकायला आलेलं.

अकलोलीच्या पुढं डांबर संपल्यावर एक ओढा लागायचा. थंडीत पाणी गुडघ्याएवढंच, पण तळाला कलिंगडाएवढे गोल दगड. आदल्या वर्षी तिथं इंजिनाखालचा चेंबर फुटला, सगळं तेल ओढ्यात गेलं, आणि बैल लावून गाडी बाहेर काढावी लागली. तेव्हापासून ओढ्यापलीकडच्या चार पाड्यांवर आम्ही जायचं सोडलं. कॅम्प अलीकडं लावायचा, ज्याला गरज आहे तो येईल, असं ठरलं. ठरवणाऱ्यांना सगळ्यांना नीट दिसत होतं.

अशाच एका अलीकडच्या कॅम्पला पलीकडून एक म्हातारी आली. सुनेचा हात धरून ओढा ओलांडून, तीन तास चालत. तिचा उजवा डोळा काचबिंदूनं केव्हाच गेलेला. डाव्यात मोतीबिंदू, पांढराशुभ्र, पिकलेला. हातातल्या बॅटरीचा उजेड कुठून येतोय एवढं तिला समजत होतं. म्हणजे डोळ्याचा पडदा शाबूत होता. डॉक्टरांनी बराच वेळ बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, हा एकच उरलाय, चुकायला जागा नाही. पण त्या फेरीच्या दहाही खाटा आधीच भरल्या होत्या, आणि दिवस कलला होता. अंधारात ओढा ओलांडायचा नाही म्हणून सून तिला घेऊन निघून गेली. मी मागून ओरडले, आजी, आम्ही तुमच्या दारात गाडी घेऊन येऊ. ती वळली, माझ्याकडं नाही, आवाजाकडं. मग सुनेचा हात धरून चालायला लागली. अशी आश्वासनं तिनं पुष्कळ ऐकली असणार.

परत येताना मी ड्रायव्हरला म्हटलं, ही गाडी उंच करायची. ड्रायव्हर टेमघरचा, पन्नाशीचा, आम्ही त्याला मामा म्हणायचो. गाडी तो इतकी हळू चालवायचा की सायकलवाले पुढं निघून जात. तो म्हणाला, उंच करता येते, पर त्यातबी परकार असतात. मी म्हटलं, प्रकार मी बघते. डॉक्टरांनी परवानगी दिली, कदाचित मी रोज विचारणार हे ओळखून.

कल्याण नाक्याच्या पुढं ट्रकवाल्यांची गॅरेजं होती. त्यांत पाटे बसवणारे एक चाचा होते. मूळ कोकणातले, पण तीन पिढ्या भिवंडीत. त्यांच्याकडं छोटी भट्टी, मोठी ऐरण, आणि भिंतीला टेकून उभे केलेले ट्रकचे जुने पाटे. चाचा गाडीखाली वाकलेसुद्धा नाहीत. लांबूनच बघून म्हणाले, ही तर झोपली. मग त्यांनी मला नीट समजावून सांगितलं, आणि आज मला वाटतं, एवढ्या सावकाशीनं त्यांनी कुठल्या पुरुष गिऱ्हाइकाला सांगितलं नसतं. उंची वाढवायचे तीन रस्ते. एक, जुनेच पाटे भट्टीत तापवून त्यांना पुन्हा बाक द्यायचा. दुसरा, पाट्याचं टोक ज्या झुलत्या कडीला अडकवलेलं असतं ती शॅकल थोडी लांब घालायची. या दोन्हींत गाडी तीन-चार बोटं उठेल आणि आहे तशी मऊ राहील. तिसरा रस्ता, मागं ट्रकचे दोन जाड पाटे जास्तीचे चढवायचे. त्यानं गाडी उठेल, वजनाला दबणार नाही, पण कडक होईल.

मला कडक हा शब्द फार आवडला. लूमच्या गावात वाढलेली मी. आमच्याकडं जाड ते टिकाऊ, घट्ट विणलेलं ते चांगलं, आणि ज्याची गाडी जास्त तागे उचलते तो शहाणा. मी म्हटलं, तिसरा.

चाचांनी विचारलं, 'बेटी, वजन किती घालता? तागे धरून सांग.'

भिवंडीत गाडीचं वजन सगळे कापडाच्या ताग्यांतच मोजत. आमच्या गाडीत तागा कधी चढला नव्हता, तरी मी मनात हिशेब मांडला. तपासणीचं टेबल, भिंगांच्या पेट्या, उकळायची भांडी, मांडवाचं कापड आणि बांबू, पाण्याचे दोन पिंप, दहा पेशंट, त्यांच्याबरोबरचे दहा, त्यांची गाठोडी. जो आकडा आला तो मी सांगितला. चाचांनी मान वर केली.

'इतकं सगळं एका वेळी?'

खरं तर सामान जाताना असायचं आणि माणसं येताना. दोन्ही एकत्र कधीच नाही. मी जाण्याची आणि येण्याची बेरीज करून टाकली होती. हे माझ्या त्याच क्षणी लक्षात आलं, हे कबूल करते. पण शेजारच्या ट्रकखालचा माणूस ऐकत होता, मागं मामा खाकरला, आणि तीन पुरुषांसमोर आकडा खाली आणणं माझ्या जिवावर आलं. मी म्हटलं, 'हो, एका वेळी.'

चाचांनी तो आकडा धरला. मात्र दोन गोष्टींवर अडून बसले. उंची वाढली की ब्रेकची नळी ताणते, ती लांब घातल्याशिवाय गाडी हलू देणार नाही. आणि धक्के जिरवणारे शॉकअप आखूड पडतात, तेही बदलायचे. या दोन्हींना मी नाही म्हणणार होते, कारण त्या दिसत नाहीत. पण त्यांचा चेहरा बघून हो म्हटलं.

चार दिवसांनी गाडी मिळाली. मागून अशी उभी होती की मला साडी सावरून चढताना बाकाची कड धरावी लागली. मामा म्हणाला, बाईंना आता शिडी लागंल. मला मात्र मी स्वतःच चार बोटं उंच झाल्यासारखं वाटत होतं. पुढच्याच आठवड्यात सामान भरून आम्ही निघालो, आणि गाडी ओढ्यातून अशी गेली की दगडांनी पोटाला साधा स्पर्श केला नाही. पलीकडच्या काठावर मी मामाकडं विजयानं बघितलं. त्यानं मान हलवली, पण पूर्ण नाही.

म्हातारीच्या दारात आम्ही गेलो. ती अंगणात बसली होती. गाडीचा आवाज ऐकून उठली आणि म्हणाली, 'ती वरडनारी बाय आली काय?' त्या पाड्यांवरून पाच पेशंट मिळाले, चार पुरुष आणि ही. त्यांचे मुलगे, सुना, गाठोडी, कुणाची कोंबडी, असे गच्च भरून आम्ही भिवंडीला आलो. सामान मामानं दुसऱ्या फेरीत आणलं. गाडी भरलेली होती म्हणून धक्का असा जाणवलाच नाही. माझी खात्रीच पटली.

ऑपरेशन चांगलं झालं. चार पुरुषांना डॉक्टरांनी आठव्या दिवशी सोडलं. दुसरा डोळा धड होता, मुलगे घ्यायला आले होते, ते एसटीनं गेले. म्हातारीला आणखी दोन दिवस ठेवलं, एकुलता डोळा म्हणून. दहाव्या दिवशी तिला पोचवायचं ठरलं. डॉक्टरांनी सांगितलं, बसून मान हलते, तिला आडवीच न्या, आणि जपून. पुढच्या दहा पेशंटांची यादी लागलेली, खाट रिकामी करायची होतीच. मी मागं दोन बाकांच्या मध्ये गादी टाकली, तिला उताणं झोपवलं, सून उशाशी बसली, मी पायाशी. गाडीत एवढीच माणसं.

दवाखान्याच्या दारातल्या पहिल्याच खड्ड्यात मला कळलं. गाडी खड्ड्यात बसली नाही, उडाली. मागचा भाग वर आला आणि आदळला, आणि म्हातारीचं डोकं गादीवरून उठून परत पडलं. सुनेनं दोन्ही हातांनी ते धरलं. मामानं वेग कमी केला, मग आणखी कमी केला. उपयोग नव्हता. रस्त्यावरचा प्रत्येक खडा त्या दोन जाड पाट्यांतून सरळ गादीत पोचत होता. त्यांना दाबायला गाडीत काहीच नव्हतं. म्हातारीनं चादरीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं आणि पट्टीखालचा गाल ताणला होता. मी तिच्या मुठीकडं बघत राहिले. माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता, आणि हे माझ्या बाबतीत क्वचितच घडतं.

अंबाडीच्या नाक्याच्या अलीकडं मामानं गाडी कडेला घेतली. खाली उतरून त्यानं चारी चाकांतली थोडी थोडी हवा सोडली. जरा बरं वाटलं, पण जराच. निम्मा रस्ता झाला होता. मागं फिरावं तर तेवढेच धक्के, पुढं जावं तर डांबर संपून कच्चा रस्ता आणि ओढा. मामा मागच्या बाजूला येऊन उभा राहिला.

'बाई, गाडी उपाशी हाय,' तो म्हणाला. 'तुमी सांगितला तेवढा वजन घाला तिच्यात, मंग ती निजंल.'

त्यानं हे टोचून म्हटलं नव्हतं. तरी माझं डोकं भडकलं, आणि कुणावर भडकायचं हे शोधताना सापडली फक्त मीच. रस्त्याच्या कडेला खडी पडली होती. ती घालू म्हटलं तर मामा म्हणाला, घमेला न्हाय, फावडा न्हाय, आन् दगूड हाललं तर म्हातारीच्या अंगावर येतील. वजन असं पाहिजे की जे स्वतःला धरून बसेल.

नाक्यावर एसटीची वाट बघत माणसं उभी होती. बाजारहाट करून पुढच्या गावांना परतणारी. मी गाडी त्यांच्याजवळ घ्यायला लावली, खाली उतरले आणि माझ्या नेहमीच्या आवाजात म्हटलं, चला, बसा गाडीत सगळे, फुकट सोडते. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. एकानं गाडीवर रंगवलेलं दवाखान्याचं नाव बघितलं, दुसऱ्याला काहीतरी कुजबुजला, आणि बघता बघता पुरुष मंडळी मागं सरकली. दोघं तर चहाच्या टपरीमागं गेले. एकानं धोतराचा सोगा आवरला आणि सरळ शेताच्या बांधावरून चालायला लागला.

मला आधी समजेचना. मग डोक्यात प्रकाश पडला. नसबंदीची ती वर्षं जाऊन फार काळ झाला नव्हता. दवाखान्याची पांढरी गाडी नाक्यावर यायची, बाई नाहीतर साहेब गोड बोलून फुकट गाडीत घ्यायचे, आणि माणूस कापून परत यायचा. ते कुणी विसरलं नव्हतं. मी जितकी समजावत होते तितके ते मागं जात होते. मी समजावते म्हणजे ओरडते, हेही खरं. नाक्यावरच्या बायका मात्र तोंडाला पदर लावून हसत होत्या.

तेवढ्यात गाडीतून म्हातारीचा आवाज आला. उठू नको म्हटलेलं, म्हणून ती पडल्या पडल्या, छताकडं तोंड करून बोलत होती.

'पलताव कशाला रं? तुमचा काय कापाचा राहिला हाय आता? माजा एकच डोला हाय. गारी लय उरते. वजन पायजे. या न् बसा गप.'

टपरीमागून एकानं डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, कोण, पलीकडल्या पाड्यावरची आजी काय? तिनं त्याचं नाव घेतलं, त्याच्या बापाचं घेतलं, आणि त्याचा आवाज तसाच घोगरा राहिलाय असंही सांगितलं. मग हसू पसरलं. सगळ्यांत आधी एक सुकटवाली चढली. अंगानं दणकट, टोपलीतली सुकी मासळी विकून परत निघालेली. तिनं सुनेला बाजूला सरकवलं, बैठक मारली आणि म्हातारीचं डोकं पट्टीसकट स्वतःच्या मांडीवर घेतलं. म्हणाली, हितं काय हालत न्हाय. मग बाकीचे आले. बांधावरून गेलेला गडीही परतला. दोघांकडं तांदळाची पोती होती, ती मामानं मागच्या धुऱ्याच्या बरोबर वर ठेवायला लावली. तो माणसांना तराजूत टाकल्यासारखं बसवत होता. तू उजवीकडं, तू डावीकडं, तू जाड हायस, पार मागं. मी मोजलं. चौदा माणसं.

गाडी मागून हळूहळू खाली बसली. मला दिसलं तसं. मामानं दुसरा गिअर टाकला आणि पहिला खड्डा आला. मी डोळे मिटले. गाडी खड्ड्यात उतरली, दबली, आणि सावकाश वर आली. म्हातारीची मूठ सैल झाली होती.

त्यापुढचा तासभर मी कधी विसरणार नाही. चौदाच्या चौदा माणसांना तो रस्ता पाठ होता. फुटक्या मोरीला, आंब्याच्या मुळीला, वळणावरच्या चराला, प्रत्येक ठिकाणी कुणीतरी आधीच सांगायचं, मामा पाय ब्रेकवर न्यायचा, आणि सुकटवाली आपला तळवा म्हातारीच्या कपाळावर ठेवायची. ज्यांची गावं वाटेत होती ते उतरायला हवे होते. पहिला थांबा आला तेव्हा मी म्हटलं, उतरा, उशीर होईल. कुणी हललं नाही. घोगऱ्या आवाजाचा तो माणूस म्हणाला, आमी उतरलाव तं गारी उराची. परत चालत येवं. मी पदरानं तोंड पुसलं आणि धुळीचं निमित्त केलं.

ओढ्याशी एक नवीन अडचण आली. एवढ्या माणसांनी आणि पोत्यांनी गाडी दबलेली, त्यात चाकांतली हवा कमी, म्हणजे पोट पुन्हा खाली. माणसं उतरवली तर उंच होणार पण आदळणार, ठेवली तर दगड लागणार. मामा पाण्याकडं बघत विडी ओढत राहिला. मग सगळ्यांत हलके दोन तरुण खाली उतरले, धोतर खोचून पाण्यात गेले आणि चाकांची वाट सोडून मधले मोठे दगड हातांनी बाजूला लोटायला लागले. अर्धा तास त्यांनी ते केलं. बाकी बाराजण आपापल्या जागी, हात मांडीवर ठेवून, अगदी फोटोला बसल्यासारखे बसून राहिले. मग मामानं गाडी पाण्यात घातली. एकदा खालून काहीतरी खरवडल्याचा आवाज आला, आणि आम्ही पलीकडं होतो.

अंगणात तिला उतरवलं तेव्हा पट्टी कोरडी होती. एवढंच कळत होतं. आत काय झालं असेल ते पट्टी सोडल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नव्हतं.

संध्याकाळी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. आकड्याची ती बेरीजही सांगितली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, पुढच्या आठवड्यात मी स्वतः जाऊन बघतो. दुसऱ्या दिवशी मी चाचांकडं गेले. तिथं मात्र मी ट्रकखालच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, मी खोटं सांगितलं होतं, एवढं वजन एका वेळी कधीच नसतं. चाचा म्हणाले, मी तुला दोनदा विचारलं होतं. मी कबूल केलं. मग ते म्हणाले, आता रोजचं सांग. मी रोजचं सांगितलं. त्यांनी दोन्ही जाड पाटे उतरवले, आमच्या जुन्यांना नव्यानं बाक दिला, लांब शॅकल चढवली आणि मला चहा पाजला. उंची एक बोट कमी झाली. तेवढ्यासाठी मामानं ओढ्यातली वाट पाठ करून घेतली.

डॉक्टर आठवड्यानं जाऊन आले. डोळा लाल होता, पण टाके जागेवर दिसत होते. बाकी चष्म्याच्या वेळी कळेल, म्हणाले. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. लोकांचे नंबर काढताना माझं लक्ष नसायचं. एका गृहस्थाला मी दोनदा तेच भिंग लावून 'आता बरं की मघाशी' विचारलं, आणि तो म्हणाला, आता बरं.

दीड महिन्यानं आम्ही पलीकडच्या पाड्यावर कॅम्प लावला, त्याच अंगणात. पेशंटांची रांग लागली होती. मी सगळ्यांत आधी म्हातारीला घेतलं. चष्म्याचा नंबर काढायची लोखंडी चौकट तिच्या नाकावर ठेवली, आणि भिंग हातात घेतलं तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, आजी, त्या दिवशी तुमचे हाल माझ्यामुळं झाले. गाडी मी कडक करून घेतली होती. काही दिसलं नाही तर दोष माझा.

'तवाच समजला मना,' ती म्हणाली. 'तू गप बसलीस ना, तवा. आता भिंग लाव.'

मी जाड भिंग चौकटीत सरकवलं. तिनं डोळा मिटला, उघडला, पाणी आलं ते पुसलं, आणि मान जरा मागं घेऊन माझ्याकडं बघितलं. आवाजाकडं नाही, चेहऱ्याकडं. बराच वेळ.

'अगो, येवढीशीच हाय तू,' ती म्हणाली. 'मना वाटला, कोन मोठी बाय हाय.'

मी रडले. लपवायला धूळ नव्हती. मामा गाडीशी जाऊन उगाच बॉनेट उघडून बघायला लागला.

म्हातारी मात्र माझ्या रडण्यात अडकली नाही. तिनं अंगणभर बघून घेतलं, मग सुनेला हाक मारली आणि तांदूळ निवडायचं सूप मागितलं. आम्ही जेवून जायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. मी जवळच्या कामाचं आणखी एक भिंग चौकटीत घातलं. तिनं सूप मांडीवर घेतलं, वाकायचं नाही हे आठवून ते छातीशी उचललं, आणि बोटानं तांदूळ सरकवला. एक खडा उचलला. मग दुसरा. मग सुनेकडं वळून म्हणाली, इतके दिवस मना हेच खिलवित व्हतीस व्हय. सून हसली आणि तोंडावर पदर घेऊन तशीच उभी राहिली.

ती लोखंडी चौकट आमच्याकडं एकच होती. रांगेत पंचवीस माणसं बसली होती, आणि तिच्याशिवाय मला कुणाचाही नंबर काढता येणार नव्हता. मी उठले आणि त्यांना सांगितलं, तांदूळ निवडून होईपर्यंत थांबावं लागेल. कुणी कुरकुर केली नाही. पुढचे दोघं जरा सरकून बसले, म्हणजे मागच्यांनाही बघता येईल.